चार बोटांचे अंतर : 'आशा परत येते' ते 'पाठलाग'

कान आणि डोळे यांत चार बोटांचे अंतर असते, असे आपली जुनी माणसे सांगतात. ऐकीव गोष्टीवर विसंबू नये, स्वतः पाहावे आणि मग बोलावे, हा त्या म्हणीचा रोख. जयंत देवकुळे यांची 'आशा परत येते' ही कादंबरी आणि तिच्यावरून राजा परांजपे यांनी १९६४ साली दिग्दर्शित केलेला 'पाठलाग' हा चित्रपट यांचा विचार करताना ही म्हण उलटी करून पाहावी लागते. या कथेत डोळ्यांनी पाहिलेले खोटे ठरते आणि ज्या बाईचे कोणी ऐकत नाही तिचे म्हणणे खरे निघते.

प्रस्तुत लेखात तीन प्रश्नांचा क्रमाने विचार केला आहे. ही कथा मानसशास्त्रीय थरारकथा कोणत्या अर्थाने ठरते? शब्दांतून चित्रात येताना तिच्यात काय बदलते? आणि माणसाने माणसाला ओळखणे म्हणजे काय, याबद्दल ती कोणते सत्य हाती देते? कथेचे रहस्य उघड केल्याशिवाय हे विवेचन शक्य नाही, म्हणून ते आरंभीच उघड करतो.

१. कथेचा सांगाडा

एक नामांकित वकील परगावाहून घरी परततो. बायको आजारी असते आणि त्याच्या डोळ्यांदेखत प्राण सोडते. तो स्वतः तिचे अंत्यसंस्कार करतो. दुःखात बुडालेल्या या माणसाकडे काही काळाने पोलीस येतात. एका गुन्हेगारी टोळीबरोबर एक बाई पकडली गेली आहे. चेहरा हुबेहूब त्याच्या बायकोचा. ती म्हणते, मीच तुमची बायको.

प्रकरण न्यायालयात जाते. नवरा तिला खोटी ठरवू पाहतो आणि ती त्याच्या एकेका प्रश्नाला उत्तर देत जाते. घरातल्या, लग्नातल्या, दोघांनाच ठाऊक असलेल्या गोष्टी ती सांगते. तरीही तिच्यावर विश्वास बसत नाही. अखेर कळते, की बायकोला एक जुळी बहीण होती. नवऱ्याने अग्नी दिला तो त्या बहिणीला. आरोपीच्या पिंजऱ्यात उभी असलेली बाई हीच त्याची बायको.

२. थरार कशाचा?

रहस्यकथेचा प्रश्न 'कोणी केले?' हा असतो. बाबूराव अर्नाळकरांनी मराठी वाचकाला या प्रश्नाची गोडी लावली, आणि खाजगी वाचनालयांतून त्यांची पुस्तके पाने झिजेपर्यंत वाचली गेली. साहसकथेचा प्रश्न 'सुटेल का?' हा असतो. मानसशास्त्रीय थरारकथेचा प्रश्न वेगळा आहे : 'मला जे ठाऊक आहे असे मी समजतो, ते मला खरोखर ठाऊक आहे का?' पहिल्या दोन प्रकारांत संकट बाहेर असते. तिसऱ्यात ते जाणणाऱ्याच्या मनात घर करते.

'पाठलाग'चा नायक वकील आहे ही निवड फार नेमकी आहे. पुरावा तोलणे हा त्याचा रोजचा व्यवसाय. दुसऱ्याच्या साक्षीतली फट शोधण्यात तो तरबेज आहे. या खटल्यात मात्र तपासायची वस्तू त्याचीच स्मृती आहे. ज्या हत्याराने तो जग तपासतो ते हत्यार स्वतःवर चालवण्याची वेळ त्याच्यावर आली आहे.

तो तिला नाकारतो याचे कारण दुष्टपणा नाही. त्याच्याकडे सर्वांत बळकट पुरावा आहे, आणि तो म्हणजे त्याचे दुःख. त्याने मृत्यू पाहिला आहे, अग्नी दिला आहे, नंतरचे रिकामे घर सोसले आहे. पिंजऱ्यातली बाई खरी मानायची तर आपण परक्या बाईसाठी रडलो आणि आपली माणसे ओळखण्यात चुकलो, हे कबूल करावे लागेल. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली मांडलेला सिद्धान्त इथे उपयोगी पडतो. दोन जाणिवा एकमेकींना छेद देऊ लागल्या, की मनाला ताण असह्य होतो, आणि ज्या जाणिवेसाठी आपण जास्त किंमत मोजली आहे तिला मन घट्ट धरून ठेवते. नवऱ्याने मोजलेली किंमत शोकाची आहे. म्हणून ती बाई जितकी खरी उत्तरे देते तितका तो अधिक कठोर होतो.

३. ओळख म्हणजे काय?

आपल्या न्यायशास्त्रात ओळखीला 'प्रत्यभिज्ञा' म्हणतात, आणि तिचे ठरलेले उदाहरण आहे : 'तोच हा देवदत्त.' या छोट्या वाक्यात दोन ज्ञाने जोडलेली आहेत. 'तो' हे स्मरण आहे, 'हा' हे प्रत्यक्ष. पूर्वी पाहिलेला आणि आता समोर असलेला, या दोहोंमध्ये मन एक सांधा बसवते. तो सांधा म्हणजे ओळख. डोळे फक्त 'हा' पुरवतात. 'तो' मनातून यावा लागतो.

आधुनिक मेंदूविज्ञान याच सांध्याकडे दुसऱ्या वाटेने पोचले. १९२३ साली जोसेफ काप्ग्रा या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञाने आपल्या सहकाऱ्यासह एका रुग्ण स्त्रीचे वर्णन प्रसिद्ध केले. आपल्या जवळच्या माणसांच्या जागी त्यांच्यासारखीच दिसणारी तोतये माणसे आणून ठेवली आहेत, असे तिला वाटे. पुढे १९९० मध्ये हेडन एलिस आणि अँड्र्यू यंग यांनी या भ्रमाची उपपत्ती मांडली. चेहरा ओळखण्याची क्रिया आणि त्या चेहऱ्याबरोबर उमटणारी आपलेपणाची भावना या मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी चालतात. पहिली वाट शाबूत राहून दुसरी तुटली, तर चेहरा तोच दिसतो पण माणूस तो वाटत नाही. मग मन स्वतःला पटेल असा खुलासा शोधते : हा तोतया आहे.

'पाठलाग'चा नायक रोगी नाही. पण कथा त्याला त्याच जागी आणून उभे करते. चेहरा तोच आहे हे तो नाकारत नाही. आपलेपणाच्या वाटेवर त्याने पाहिलेला मृत्यू आडवा पडला आहे. निरोगी, हुशार, प्रेमळ माणसाला केवळ परिस्थितीच्या रचनेने अशा मनोवस्थेत नेणे ही या कथेची कामगिरी आहे. ती मानसशास्त्रीय ठरते ती या अर्थाने.

४. दोन नावे, दोन दृष्टी

कादंबरीचे नाव 'आशा परत येते' आणि चित्रपटाचे 'पाठलाग' हा बदल वरवरचा नाही. 'आशा परत येते' हे पूर्ण विधान आहे. त्यात कर्ता आहे, क्रियापद आहे, आणि नीट पाहिले तर उत्तरही आहे. परत येते ती बायको, आशाच, असे मुखपृष्ठच सांगून ठेवते. पण 'आशा' हे व्यक्तिनाम आहे तसेच भाववाचक नामही आहे. त्यामुळे वाचक विधानाचा दुसरा अर्थ घेऊन निर्धास्त राहू शकतो. उत्तर उघड्यावर ठेवून झाकण्याची ही सोय भाषेने दिलेली आहे.

'पाठलाग' या नावात विधान नाही. कोण कोणाचा पाठलाग करते? पोलीस टोळीचा, बाई नवऱ्याचा, की मेलेली बायको जिवंत नवऱ्याच्या मनाचा? नावाने उत्तर काढून घेतले आणि गती दिली. कादंबरीचे नाव बायकोच्या बाजूने उभे आहे, चित्रपटाचे नाव नवऱ्याच्या छातीतल्या धडधडीला चिकटले आहे. १९६६ मध्ये राज खोसला यांनी हिंदी चित्रपट केला तेव्हा नाव झाले 'मेरा साया'. तिथे 'मेरा' या शब्दाने बोलणारी व्यक्ती आली, पण ती नवरा की बायको हे मोकळे राहिले. तीन नावे ओळीने ठेवली, की सहानुभूती कोणाकडून कोणाकडे सरकली हे दिसते.

५. चेहरा : कादंबरीत नसलेली वस्तू

कादंबरीत चेहरा नसतो, चेहऱ्याचे वर्णन असते. 'ती हुबेहूब तशीच दिसत होती' हे वाक्य कोणाचे तरी असते. ते बोलणारा चुकू शकतो, आणि वाचकाला शंका घ्यायला जागा राहते. म्हणजे गद्यात सारे काही कानावरच येते, आणि म्हणीप्रमाणे कानावर आलेले पडताळायला चार बोटे शिल्लक असतात.

चित्रपटात ती चार बोटे मिटतात. पडद्यावर चेहरा येतो आणि प्रेक्षक स्वतःच साक्षीदार होतो. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे वाटायला लावणारा हा पुरावा. 'पाठलाग'मध्ये मृत बायको आणि पकडलेली बाई या दोन्ही रूपांत अभिनेत्री भावना दिसतात. दोन माणसे एकसारखी दिसतात हे वाचकाला पटवण्यासाठी पानेच्या पाने लागली असती. कॅमेरा ते एका क्षणात करतो.

पण यातच चित्रपटाची अडचण आहे. दुहेरी भूमिका भारतीय प्रेक्षकाच्या ओळखीची. एकच नटी पुन्हा दिसली, की 'जुळी असणार' हा तर्क मागच्या रांगेतूनही ऐकू येतो. मग रहस्य टिकते कसे? उत्तर घटनांच्या क्रमात आहे. प्रेक्षकाला मृत्यू आधी दाखवलेला आहे. त्यामुळे जुळी असेल तर ती दुसरी, पिंजऱ्यातली, असेच तो गृहीत धरतो. जुळेपणाचा अंदाज बरोबर येऊनही निकाल चुकतो. मेलेली कोण, ही शंका घ्यायचे कोणाला सुचत नाही, कारण मरण डोळ्यांनी पाहिलेले असते.

चांगल्या मानसशास्त्रीय थरारकथेची कसोटी दुसऱ्या वेळी पाहताना लागते. पहिल्या वेळी पिंजऱ्यातल्या बाईचे डोळे भरून येतात तेव्हा ते नाटक वाटते. रहस्य कळल्यावर तोच प्रसंग पाहावा. एका निरपराध बायकोला तिचा नवरा भर न्यायालयात परकी ठरवतो आहे, आणि ती त्याच्यावर रागावण्याऐवजी त्याला आठवण करून देते आहे. चित्र तेच, संवाद तोच, अर्थ पूर्ण बदलतो. अभिनय दोन्ही वाचनांना पुरून उरावा लागतो, आणि या चित्रपटाचा सर्वांत कठीण भार भावना यांच्यावर होता तो याच कारणाने.

इथे एका परदेशी उदाहरणाशी तुलना उद्बोधक ठरेल. पिएर बुआलो आणि तोमा नार्सजाक या जोडीची १९५४ ची फ्रेंच कादंबरी मेलेल्या स्त्रीसारखीच दुसरी स्त्री भेटण्याच्या कल्पनेवर उभी आहे. आल्फ्रेड हिचकॉकने तिच्यावरून १९५८ मध्ये 'व्हर्टिगो' केला. कादंबरीने रहस्य शेवटपर्यंत राखले होते, हिचकॉकने ते चित्रपट संपण्याच्या बराच आधी प्रेक्षकाला सांगून टाकले. मग प्रेक्षक उत्तराची वाट पाहत नाही, नायकाला ते कळेल तेव्हा काय होईल याची धास्ती घेतो. 'पाठलाग'ने दुसरा मार्ग धरला आणि धक्का शेवटासाठी ठेवला. त्यामुळे बायकोची वेदना पहिल्या वेळी पाहताना पूर्णपणे पोचत नाही, ती पुन्हा पाहणाऱ्यासाठी राखून ठेवलेली असते.

६. कान : गाण्याचे काम

चेहऱ्याने फसवल्यावर चित्रपटाकडे दुसरा साक्षीदार उरतो, तो म्हणजे आवाज. ग. दि. माडगूळकरांनी डोळ्यांना पाखरांची उपमा देऊन लिहिलेले, दत्ता डावजेकरांनी स्वरबद्ध केलेले आणि आशा भोसले यांनी गायलेले गीत या चित्रपटाचा प्राण आहे. गेलेल्या बायकोचा वावर त्या सुरांतून घरात राहतो. डोळ्यांवरचे गाणे कानाने ऐकायचे आणि कानाने ऐकलेले डोळ्यांपुढे येऊ द्यायचे, ही रचना कथेच्या गाभ्याला धरून आहे. कादंबरीला हे साधन उपलब्ध नव्हते.

ही युक्ती फार जुन्या परंपरेतली आहे. भर सभेत नवरा बायकोला ओळखत नाही, ही शकुंतलेची कथा. महाभारतात दुष्यंताला ती ओळखू येते, पण लोक काय म्हणतील म्हणून तो नाकारतो आणि आकाशवाणी झाल्यावर स्वीकारतो. पुरावा कानाचा. कालिदासाने त्या कथेचे नाट्यरूपांतर करताना शाप आणि अंगठी आणली. पुरावा डोळ्यांचा झाला. पण त्याच नाटकाच्या पाचव्या अंकात हंसपदिकेचे गाणे कानी पडताच दुष्यंत कारण न कळता व्याकूळ होतो. डोळे विसरले आहेत, कानाला अजून काहीतरी आठवते आहे. बलवंत पांडुरंग उर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० मध्ये 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हापासून मराठी प्रेक्षक नाकारलेली बायको आणि आठवण देणारे गाणे यांची जोडी ओळखून आहे. 'पाठलाग' त्या कानांसाठी तयार झाला होता.

हिंदीत मदनमोहन यांच्या संगीतात आणि राजा मेहदी अली खान यांच्या शब्दांत लता मंगेशकरांनी गायलेल्या शीर्षकगीताने हेच काम केले.

७. न्यायालय आणि नात्याचा पुरावा

पिंजऱ्यातल्या बाईजवळ कागद नाही, साक्षीदार नाही. आहे ते फक्त नवरा-बायकोत झालेले बोलणे. आणि कायद्याची गंमत नव्हे, गाठ अशी, की हाच पुरावा कायद्याने झाकून ठेवला आहे. त्या काळी लागू असलेल्या १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १२२ नुसार विवाहकाळात जोडीदाराने सांगितलेली गोष्ट उघड करण्याची सक्ती करता येत नसे, आणि सांगणाऱ्याच्या संमतीशिवाय ती उघड करू देताही येत नसे. अपवाद होता तो पती-पत्नींमधल्या दाव्याचा किंवा एकाने दुसऱ्याविरुद्ध केलेल्या गुन्ह्याच्या खटल्याचा. म्हणजे ती बायको असेल, तर नवऱ्याने तिला सांगितलेले बोलायला तिला मुभा हवी. आणि ती बायको नसेल, तर ते तिला ठाऊक असण्याचे कारणच नाही. तिच्या बोलण्याला हरकत घेणाऱ्याला आधी ती बायको आहे हे मानावे लागेल. नात्याचा पुरावा नात्याच्या आतच असतो, हे सत्य एवढ्या स्पष्टपणे क्वचितच दिसते.

मराठी इतिहासात हा प्रश्न रक्तरंजित झालेला आहे. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी आपण विधवा झालो हे मानले नाही, आणि १७८३ मध्ये निधन होईपर्यंत सौभाग्यचिन्हे उतरवली नाहीत. दरम्यान मीच भाऊ म्हणून एक माणूस उभा राहिला, त्याच्यामागे लोक जमले, आणि १७७६ मध्ये त्याला तोतया ठरवून देहदंड देण्यात आला. तिथे न मानलेल्या मृत्यूने तोतयाला जागा करून दिली. 'पाठलाग'मध्ये मानलेल्या मृत्यूने खऱ्या माणसाची जागा हिरावली.

बंगालमधल्या भवालच्या खटल्याने तर हीच कथा जिवंत माणसांत घडवली. भवाल जमीनदारीतले रमेंद्रनारायण रॉय १९०९ मध्ये दार्जिलिंगला मरण पावल्याचे सांगितले गेले. बारा वर्षांनी ढाक्यात एक संन्यासी आला आणि पुढे त्याने तोच आपण असल्याचा दावा केला. १९३६ मध्ये ढाक्याच्या न्यायालयाने, १९४० मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने आणि १९४६ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल त्याच्या बाजूने दिला. त्याच्या पत्नी बिभावतीदेवी यांनी मात्र त्याला कधीच ओळखले नाही. न्यायालय माणसाला त्याचे नाव परत देऊ शकते, नाते देऊ शकत नाही.

८. खरे बोलणारी वेडी

पिंजऱ्यातल्या बाईचे म्हणणे खोटे ठरवता येत नाही आणि मान्यही करवत नाही, तेव्हा तिसरा मार्ग निघतो : तिला भ्रमिष्ट ठरवणे. 'मेरा साया'मध्ये तिची रवानगी मनोरुग्णालयात होते. १९१२ चा ल्युनसी (वेडेपणाविषयीचा) कायदा त्या काळी लागू होता आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने माणूस आत जात असे. ज्या बाईची सर्वांत मोठी चूक म्हणजे स्वतःची ओळख न सोडणे, तिच्या त्या ठामपणालाच रोग म्हटले गेले. पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ च्या 'गॅस लाइट' या नाटकात नवरा जाणूनबुजून बायकोला वेडी ठरवतो. इथे नवरा प्रामाणिक आहे, आणि तरी परिणाम तोच होतो. हे अधिक भयंकर आहे, कारण खलनायकाशिवायही अन्याय पूर्ण होतो.

शहाणे कोण आणि वेडे कोण हा प्रश्न परांजपे यांना नवा नव्हता. १९५२ मध्ये 'पेडगावचे शहाणे'त त्यांनी तो हसत हाताळला होता. 'पाठलाग'मध्ये हसू गेले आणि प्रश्न राहिला. नवऱ्याच्या भूमिकेसाठी त्यांनी डॉ. काशिनाथ घाणेकर यांना घेतले. रंगभूमीवर संभाजी म्हणून गाजलेल्या या नटाच्या नजरेत एक तापट धार होती. प्रेम आणि नकार एकाच चेहऱ्यावर दिसायला ती धार उपयोगी पडली. 

९. तीन वर्षे, तीन भाषा

१९६४ मध्ये मराठी 'पाठलाग', १९६५ मध्ये एल. व्ही. प्रसाद निर्मित तमिळ 'इदय कमलम', १९६६ मध्ये हिंदी 'मेरा साया'. एका मराठी कादंबरीची कथा तीन वर्षांत तीन भाषांत पडद्यावर आली. 'पाठलाग'ला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले.

हिंदीत साधना आणि सुनील दत्त आले, उदयपूरचे महाल आणि तलाव आले, नायक ठाकूर झाला. भव्यता वाढली आणि घर लहान झाले. मराठी रूपाची ताकद त्याच्या मध्यमवर्गीय घरात होती. चार खोल्यांच्या घरात रोज दिसणारे माणूस ओळखता येत नाही, ही भीती महालातल्या भीतीपेक्षा जवळची आहे.

१०. कथेतले दोष

गुण मानून दोषही सांगितले पाहिजेत. जुळ्या बहिणीचा खुलासा ही सोयीची कळ आहे. एक बहीण निष्कलंक आणि दुसरी टोळीतली, अशी वाटणी केल्याने मृत बहिणीच्या जगण्याचा विचारच होत नाही. तिची चिता केवळ कथानकाच्या उपयोगाची राहते. त्याहून मोठी उणीव अशी, की नवऱ्याची झडती कोणी घेत नाही. सगळा खटला बायकोवर चालतो. घरात मरण पावलेली बाई आपली बायको नाही हे त्याला कसे कळले नाही, हा प्रश्न विचारून कथा त्याला एकदाही पिंजऱ्यात उभे करत नाही. सत्य उघड होते तेव्हा दोघे एकत्र येतात आणि त्याची चूक आनंदात विरून जाते.

११. अनसिंगमधून पाहताना

हे विवेचन मी वाशीम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगमध्ये बसून लिहितो आहे. या गावाचे नाव शृंगऋषींशी जोडले जाते. अरण्यात वडिलांजवळ वाढलेल्या त्या ऋष्यशृंगाने स्त्री कधी पाहिली नव्हती, म्हणून आश्रमात आलेली गणिका त्याला एखादा ब्रह्मचारीच वाटली. डोळे निर्दोष होते, 'तो' हे स्मरण नव्हते, म्हणून ओळख झाली नाही. प्रत्यभिज्ञेचा दुसरा धडा गावाच्या नावातच आहे.

तिसरा धडा रेशनच्या दुकानात मिळाला. सोयाबीनची सोंगणी नुकतीच आटोपली होती. एक म्हातारी मशीनवर अंगठा ठेवत होती आणि मशीन तिला ओळखत नव्हते. आयुष्यभर निंदण आणि कापूसवेचणी केलेल्या बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या. तिने बोट पदराला पुसले, पुन्हा लावले. "मावशी, दुसरं बोट लावा," दुकानदार म्हणाला. रांगेतली एक बाई पुढे झाली, "अहो, आमच्या गल्लीतली हाय ते. कायले तरास देता मायले?" रांगेतल्या प्रत्येकाला ती कोण हे माहीत होते. तरीही सिद्ध करायचे होते तिनेच. डाव्या हाताच्या मधल्या बोटावर मशीन मानले. ती धान्याची पिशवी उचलताना मला 'पाठलाग'मधला पिंजरा आठवला.

१२. निष्कर्ष

पहिला निष्कर्ष : ही कथा मानसशास्त्रीय थरारकथा आहे, कारण तिचे घटनास्थळ ओळखणाऱ्याचे मन आहे. दुसरा : कादंबरीकडून चित्रपटाकडे येताना पुरावा कानाकडून डोळ्यांकडे गेला, डोळ्यांनी दगा दिला, आणि चित्रपटाला गाण्याच्या रूपाने पुन्हा कानाकडे यावे लागले. तिसरा आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा : जो दावा करतो त्यानेच तो सिद्ध करावा, हा कायद्याचा नियम न्यायालयात योग्य आहे, घरात नाही. नात्यात ओळख पटवण्याचा भार ओळखणाऱ्यावर असतो. दुष्यंताने तो शकुंतलेवर टाकला, वकिलाने बायकोवर टाकला, आणि दोघांनीही ज्याची खूण मागितली ते त्यांच्याचजवळ होते.

वाचकांना एकच विनंती. 'पाठलाग' पाहिला नसेल तर पाहा, आणि पाहिला असेल तर पुन्हा पाहा. दुसऱ्या वेळी पिंजऱ्यातल्या बाईच्या उत्तरांकडे लक्ष देऊ नका, ती सगळी बरोबर आहेत. प्रश्न विचारणाऱ्याकडे पाहा.